शंभर टक्क्यांत न बसलेली रंजना

रंजनाचा शाळा सोडल्याचा दाखला टाइप होऊन आला होता. वर्गशिक्षिका म्हणून माझी सही तेवढी राहिली होती.

"सर, ही मुलगी ढ नाही," मी मुख्याध्यापकांना म्हणाले. "तोंडी काहीही विचारा."

त्यांनी दाखला माझ्यापुढं सरकवला. आष्ट्याजवळची आमची शाळा. नव्वदीची सुरुवात. दहावीचा निकाल शंभर टक्के. तो कसा लागायचा, ते ऐका. नववीतली कच्ची पोरं हेरायची, दाखला हातात द्यायचा आणि सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे शाळेत न येता, आपलं आपण दहावीला बसा. नापास झालात तर शाळेला डाग नाही. कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

रंजनाचं दुखणं वेगळं होतं. विज्ञानाच्या तासाला माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचं उत्तर यायचं. लेखी पेपरात मात्र अर्धं लिहून पोरगी खिडकीबाहेर बघत बसे. बाकावर टिकत नाही म्हणून तिला वर्गाबाहेर काढायचे. मग बाहेर असताना शिकवलेलं येत नाही म्हणून छड्या.

शेवटी मीच तिला आणि तिच्या वडिलांना मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. वडील दिनकरराव सांगली रस्त्याला पंक्चर काढायचे. डॉक्टरांनी लिहून दिलं, एडीएचडी. म्हणजे बुद्धी शाबूत, पण लक्ष एका जागी ठरत नाही आणि ते पोरीच्या हातात नसतं. पुढं बसवा, मधे उठू द्या, पेपरला जादा वेळ द्या. मला वाटलं, झालं काम.

सरांनी ते वाचलं आणि त्यांना हायसं वाटलं.

"बाई, बरं केलंत. डॉक्टरच म्हणतात आजार आहे. जादा वेळ अंध-अपंगांना मिळतो, हिला कोण देणार?"

दाखल्यावर कारणाचा रकाना रिकामा होता, तिथं पडलं, प्रकृती ठीक नसल्यामुळे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दिनकरराव टोपी हातात घेऊन उभे होते. "आवं बाई, आजारी हाय तर सांभाळायचं का हाकलायचं? घरात तिला शिकवनार कोन? मला सहीबी येत न्हाई."

मी सही केली नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी वर्ग दुसऱ्या सरांना दिला. त्यांनी केली.

फॉर्म कुणी भरलाच नाही. घरात बसवून काय करू, म्हणत दिनकररावांनी वर्षाच्या आत पाटणकडं तिचं लग्न लावून दिलं.

निकाल पुन्हा शंभर टक्के लागला. विज्ञान चांगलं शिकवलं म्हणून माझा सत्कार झाला. नारळ घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून कुणी शाळेचा शंभर टक्के निकाल सांगितला की मी एवढंच विचारते, नववीत पोरं किती होती?