दोन बोटांची फट

माझं सगळं आपल्याला माहीत आहे, असं माझा नवरा समजतो. हे त्याला माहीत नाही. मुलीला नाही, बहिणीला नाही, ज्या सरांच्या हाताखाली मी आयुष्यभर काम केलं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे. का तुम्हालाच? – तुम्ही मला मध्येच थांबवून समजूत घालणार नाही, म्हणून असेल.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी उत्खननात रेखाटनं करते. जमीन खणत खाली गेलं की खड्ड्याची जी उभी बाजू उरते, तिला आम्ही सेक्शन म्हणतो. त्या बाजूवर मातीचे थर दिसतात – वरती शेताची माती, खाली पुराचा गाळ, त्याखाली राख, विटांचा चुरा, कुणाच्या तरी घरातली सारवलेली जमीन. वरचं नंतरचं, खालचं आधीचं. एवढं सोपं असतं तर मला कुणी पगार दिला नसता. माणसं खड्डे करतात, पाया घालतात, जुनं उकरून नवीन भरतात, आणि थर एकमेकांत घुसतात. कोण कुणाला कापून गेलंय हे ओळखायचं, आणि दोरी, ओळंबा, टेप लावून ते जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. खणून झाल्यावर जागा उरत नाही. उरतं ते माझं चित्र.

आणि मी उत्तम चित्र काढते. विनय वगैरे मला जमत नाही. माझे सेक्शन सुरीने लोणी कापावं तसे असतात. पुढून बघा, बाजूने बघा, ओळंबा लावा. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगते – आधी चित्र, मग हात. शंका आली म्हणून उकरायचं नाही, नीट दिसत नाही म्हणून खरवडायचं नाही. आहे तसं काढा, मग काय करायचं ते करा. हा नियम मी इतक्यांना शिकवला आहे की तो माझ्या नावाने ओळखला जातो.

तर, रोह्याजवळच्या निडी गावाच्या पुढे खाडीकडच्या बाजूला एक टेकाड आहे. आजूबाजूला भातशेती. तिथे आमचं काम चाललं होतं. मी रोह्याहून सकाळच्या गाडीने निडीला उतरायचे आणि बांधावरून चालत जायचे. घमेली वाहायला त्याच गावातल्या बाया होत्या. मी थापीने सेक्शन तासत बसले की त्यातली एक हमखास म्हणायची, “ताई, नवरीला पन कोन एवरी नटवत नाय.” मी हसायचे. मला ते आवडायचं, हे कशाला लपवू?

खड्ड्याचं रोजचं काम वनिता बघायची. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली, मिठागरावर राबलेल्या घरातली मुलगी. त्या घरातून एम. ए. पर्यंत पोचलेली पहिली. पीएच. डी.चा विषय तिने याच टेकाडावर घेतला होता. हुशार होती, आणि भांडखोर. मला ती ताई म्हणायची, पण पटलं नाही तर ताईलाही सोडायची नाही.

त्या वर्षी खड्ड्यात एक दगडी भिंत लागली. जाड, घडीव. सरांच्या मते व्यापाऱ्याच्या गोदामाची. भिंतीच्या एका अंगाला, थोडं खाली, सारवलेली जमीन आणि चूल. प्रश्न एवढाच होता – ती जमीन भिंतीच्या बरोबरची की आधीची? बरोबरची असली, तर गोदामातली ती एक खोली, राखणदाराची चूल, विषय संपला. पण जमीन आधीची असली आणि भिंतीच्या पायाने ती कापली असली, तर व्यापारी यायच्या आधी तिथे कुणीतरी राहत होतं. घर करून, चूल मांडून. वनिताच्या सगळ्या प्रबंधाचं म्हणणं तेच होतं – खाडीकाठची माणसं आधीची, गोदामवाले नंतरचे.

आणि तिला पुरावा सापडला होता. खणताना तिने वरून पाहिलं, की जमीन भिंतीपर्यंत पोचतच नाही. मध्ये दोन बोटांची फट आहे, आणि फटीत काळपट भुसभुशीत माती. पाया खणताना चर काढतात, भिंत बांधून झाली की उरलेली जागा मातीने बुजवतात. ती बुजवलेली जागा म्हणजे ही फट. ती मला म्हणाली, “भिंत नंतरची हाय, ताई. जमीन कापून घातलीय.” रंगात आली की तिची भाषा अशी घरी जायची. सरांना तिने फोन केला. सर म्हणाले, परवा पाहुण्यांना घेऊन येतोच आहे, सेक्शनमध्ये दाखव.

तिने वरून पाहिलेला भाग खणण्यात गेला होता. म्हणजे सगळं येऊन ठेपलं त्या एका कोपऱ्यावर, जिथे सेक्शनमध्ये जमिनीची रेघ भिंतीला भेटते. आणि तो कोपरा माझ्या ताब्यात होता.

दुसऱ्या दिवशी वनिता गोण्या आणि लेबलं आणायला पेणला गेली होती. दुपारी बाया जेवायला झाडाखाली गेल्या. मी खड्ड्यात एकटी. कोपरा मला धुरकट वाटत होता. पाहुणे येणार, फोटो निघणार, आणि माझ्या सेक्शनचा कोपरा धुरकट? मी थापी लावली. चित्र काढलं नव्हतं – हो, काढलं नव्हतं. मीच केलेला नियम. मला वाटलं, नियम शिकणाऱ्यांसाठी असतात.

खरवडल्यावर फट दिसली. स्पष्ट. वनिताने सांगितली होती तशीच, काळपट, मऊ, आत खापराचा एक बारीक तुकडा. मी फवारणीचा पंप घेतला. ओली केली की माती रंग दाखवते, आम्ही नेहमी करतो. पण एका जागी मी पंप जास्त वेळ धरला. फटीतली माती सुटली, आणि सुटता सुटता जमिनीची कड घेऊन खाली आली. ओंजळभर. कोपऱ्याला भगदाड.

इथे थांबले असते तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. सेक्शन ढासळतात. सगळ्यांचे ढासळतात, आणि ढासळलेली जागा चित्रात तुटक रेघेने दाखवायची पद्धत आहे. मी वर तशी नोंद लिहिली असती, फट पाहिली होती असं सांगितलं असतं, सरांनी ऐकून घेतलं असतं. काय झालं असतं? माझाही ढासळतो, हे लोकांना कळलं असतं. एवढंच. एवढ्याचीच मला भीती वाटली.

मी उपसलेल्या ढिगातून त्याच जमिनीची चिकण माती आणली, घमेल्यात कालवली आणि भगदाड लिंपायला घेतलं. माझ्या मनात खोटा पुरावा करायचं नव्हतं – असं म्हणायला मला आवडेल. पहिल्या दोन हातांपर्यंत ते खरंही आहे.

लहानपणी रोह्याला आमची मागची पडवी मातीची होती. आत्याने मला सारवायला शिकवलं. शेवटचा हात भिंतीशी आला की थांबायचं नाही, तसाच वर चढवायचा, चार बोटं तरी. कोपरा उघडा राहिला तर मुंग्या धरतात, पावसाळ्यात ओल शिरते. आमच्या भागातली कुठलीही बाई असंच सारवते. तिला विचारलं तर सांगताही येणार नाही, हात जातो. माझा गेला. माती कोपऱ्याशी आली, आणि माझा हात तिला घेऊन त्या जुन्या भिंतीवर चढला, सुंदर गोलाई देत.

मी मागे सरून पाहिलं. मला ताबडतोब कळलं मी काय केलंय. जमीन भिंतीला भिडली होती, वर चढली होती. याचा अर्थ कुठल्याही खोदणाऱ्याला कळतो – भिंत उभी होती, मग सारवलं. दोन्ही एकाच घराच्या. पुसायला ओला पंजा पुरला असता. माती अजून हातात होती. बाया अजून जेवत होत्या.

मी पुसलं नाही. ते फार चांगलं झालं होतं.

उलट मी ते पुरं केलं. जुनी जमीन वर्षानुवर्षं सारवून पापुद्र्यांची होते, म्हणून मी पातळ तीन हात दिले, मध्ये राखेची चिमूट. वरून कोरडी धूळ झटकली. थरांच्या रेघा सुरीच्या टोकाने ओढल्या, लेबलं टाचली. उन्हाने दोन तासांत सुकलं. मी स्वतः शोधलं असतं तरी मला सापडलं नसतं. सांगायला हवं म्हणून सांगते – त्या कामाचा मला अजून अभिमान वाटतो. आयुष्यात मी हाताने जे काही केलं, त्यात ते वरच्या जागी आहे.

वनिता चारच्या सुमाराला परत आली. गोण्या टाकल्या, खड्ड्यात उतरली, कोपऱ्यासमोर बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, इथं फट व्हती. तुम्ही पण बघितली असंल ना?”

मी पेन्सिलीला टोक काढत होते. म्हणाले, “मला नाही दिसली, वनिता. मी सकाळपासून इथेच आहे.”

तिने पुन्हा एकदा पाहिलं. तिला माझ्यावर शंका आली नाही. तिला स्वतःवर आली. ते मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडतो तेव्हा काही आवाज होत नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले, पाहुणे आले. सरांनी काठीने दाखवलं – पाहा, जमीन भिंतीवर कशी चढली आहे, याहून स्वच्छ पुरावा मी पाहिलेला नाही. मग वनिताच्या खांद्यावर हात ठेवून, प्रेमानेच, म्हणाले, “आमच्या वनिताला जिथे खणेल तिथे तिचेच आजे-पणजे दिसतात.” सगळे हसले. मीही हसले. मातीचा कोपरा माझ्या हातून होऊन गेला म्हणावं, पण हे हसणं? ते होऊन गेलं नाही. ते मी हसले.

फोटो निघाला. मी चित्र काढलं. अहवालात ते पूर्ण पानभर छापलेलं आहे, खाली माझं नाव. नव्या मुलांना सेक्शन कसा काढावा हे दाखवायला तेच पान उघडतात. मीही उघडते. खड्डा त्याच उन्हाळ्यात बुजवला, आता त्यावर भात होतो.

वनिताने त्या मोसमाचं काम शेवटपर्यंत केलं. मग प्रबंध सोडला. विषय बदल, म्हणून सरांनी सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही. डोलवीला कंपनीत स्टोअरमध्ये लागली, शिफ्टची नोकरी. लग्न झालं, मुलगा झाला.

गेल्या श्रावणात ती मला पेणला भेटली. मूर्तींच्या कारखान्यात, गणपती बघायला आलेली. अंगाने भरली होती, बोलणं तसंच. एका न रंगवलेल्या मूर्तीच्या सोंडेवरची भेग तिने लांबून ओळखली आणि कारागिराला दाखवली. तो आधी नाही म्हणाला, मग जवळ जाऊन बघून त्याने मूर्ती बाजूला काढली. तेव्हाच ती माझ्याकडे वळून, हसत, अगदी मनापासून म्हणाली, “ताई, तवा तुम्ही तोंडावर खरं सांगितलंत, बरं झालं. नायतर मी ती फट धरून जन्मभर बसले असते. आपला डोळा कच्चा हाय, ते येळेवर कळलं.”

दुपार होती, माणसांची ये-जा चालू होती, मी तिच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते. बोलायला याहून सोपी जागा कुठली मिळणार होती? मी म्हणाले, मुलगा कितवीत आहे? तिने सांगितलं. मी म्हणाले, छान.

घरी येताना मला वाईट वाटलं असं मी लिहिणार नाही. मला आधी बरं वाटलं होतं, की तिला कळलेलं नाही. वाईट नंतर वाटलं.

तिचा डोळा कच्चा नव्हता. माझ्याइतकाच पक्का होता, आणि माझ्या आधी पोचला होता.

चित्रात दुरुस्ती करायची तर कशी लिहायची, हे मला माहीत आहे. लिहिते. कोपऱ्यात सारवलेल्या जमिनीची कड आणि दगडी भिंत यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती, काळपट भुसभुशीत मातीने भरलेली, आत खापराचा एक तुकडा. प्रथम वनिताने पाहिली. दुसऱ्या दिवशी मी पाहिली. भिंतीवर चढलेली जमीन माझ्या हातची आहे. जमीन आधीची, भिंत नंतरची.