सकाळी सातला ददरिया

रायपूर राजधानी होऊन काही वर्षं झाली होती, आणि 'राजधानी' हा शब्द मिठाईवाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांच्या पाट्यांवर चढला होता. आमचं एफएम स्टेशनही तसंच नवंकोरं. दिवसभर हिंदी सिनेमाची गाणी. एके दिवशी आमच्या प्रोग्रामच्या साहेबांनी मीटिंगमध्ये टेबलावर थाप मारली. "सोमवारपासून सकाळी सात ते आठ फक्त छत्तीसगढी गाणी. आणि बोलणार तू."

मी, म्हणजे रेल्वे कॉलनीतली, नागपूरकडची मराठी पोट्टी. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली.

"तुले येते का छत्तीसगढी?"

"समजते सगळी. बोलता थोडी थोडी येते."

"मंग काहून हव म्हणून आली?"

मला आवडलं होतं, एवढंच.

गाणी गोळा करायला मी आणि आमची प्रोड्यूसर बसस्टँडजवळच्या सीडीच्या दुकानांतून हिंडलो. एका गाण्यात मांदर ढोल कानठळ्या बसवायचा, दुसऱ्यात गायिका विहिरीतून गातेय असं वाटायचं. प्रोड्यूसरनं आवाज वरखाली करून सगळी एका पातळीवर आणली. ती दुर्गची, तिला ती गाणी तोंडपाठ, त्यामुळे काम कमी आणि स्टुडिओत नाचणंच जास्त झालं.

सोमवार उजाडला. पहिलं गाणं लावलं ते ददरिया. शेतात काम करताना बायामाणसं एकमेकांना चिडवत गातात ना, तसलं. गाणं संपलं. फोनचा एकही दिवा लागला नाही. दुसरं गाणंही संपलं. काचेपलीकडे साहेब रुमालानं मान पुसत होते. मग एक दिवा लागला आणि मी झडप घालून फोन थेट हवेत, म्हणजे चालू कार्यक्रमातच, घेतला.

"शंकर नगर से बोल रही हूँ," एक बाई कडाडल्या. "ये क्या गाँव का रेडियो लगा दिया? घर में मेहमान बैठे हैं!"

तेवढ्यात दुसरा दिवा लागला. उरल्याच्या कारखान्यातून, रात्रपाळी करून सुटलेला कामगार. मागे ट्रकांचे हॉर्न.

"दीदी, ओ मैडम ला कहि दे," तो शांतपणे म्हणाला, "हमर घर घलो पहुना बइठे हें. ओमन नाचत हें."

त्याच्या घरीही म्हणे पाहुणे होते, आणि ते नाचत होते! त्याच्या मागे चहाच्या टपरीवरची सगळी पाळी खदखदून हसली. आणि मग दिवे पेटले. सगळेच. गुढियारीहून हमाल, कुठल्याशा पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार बायका एकाच फोनवर, एक आजोबा तर फर्माईश सांगायचं सोडून स्वतःच गायला लागले. सगळे एकदम "अउ बजा, अउ बजा" करून राहिले, तेव्हा माझ्या तोंडून हवेत घरची मराठीच निघाली, "थांबा नं बाप्पा, लावून राहिली नं मी!"

मग आजोबा म्हणाले, "हव नोनी, लगा." 'नोनी' म्हणजे पोरी; त्यांना माझं बरोब्बर कळलं होतं.

थोड्या वेळानं शंकर नगरच्या बाई पुन्हा आल्या. आवाज खाली. "वो दूसरा वाला गाना फिर से बजेगा क्या? मेहमान पूछ रहे हैं."

आणि शेवटचा फोन. "मैं एक श्रोता बोल रही हूँ," घरी रोज ऐकते त्या आवाजात, एकदम औपचारिक हिंदी. "आपका प्रोग्राम बहुत अच्छा है. आपने सुबह से कुछ खाया क्या?"

प्रोड्यूसर खुर्चीवरून घसरली. मी माइक बंद करून गाणं लावलं, टेबलाखाली तोंड घातलं आणि हसले. गाणं दोन मिनिटं तसंच बिनबोलतं वाजत राहिलं.

आठला साहेब आत आले. त्यांना ओरडायचं होतं की नाचायचं, ते त्यांचं ठरत नव्हतं. "पुढच्या आठवड्यापासून दहापर्यंत," ते म्हणाले, आणि तसंच झालं. मी दोन वर्षं रोज सकाळी बोलले आणि माझी छत्तीसगढी ऐकणाऱ्यांनीच नीट केली, फोनवर, रागावून रागावून.

पण त्या दिवशी आम्ही तिघं, साहेबांसकट, खाली रस्त्यावर पोहे खायला गेलो, तर एकाच्याही घशाखाली घास उतरेना. कुणीतरी एक बोलायचं आणि तिघंही हसून फुटायचो. पोहेवाल्यानं झारा हातात धरून विचारलं, "का होगे?"

सांगायला तोंड उघडलं, आणि परत हसूच आलं.