आत्याची साक्ष आणि आमच्या वकिलाची सही

"म्हातारी दणकट आहे. येईल की पुढच्या तारखेला."

शेठचा वकील भर कोर्टात असं बोलला आणि हसला. आमचा वकीलही हसला. आत्या माझा हात धरून उभी होती. ऐंशीच्या पुढची बाई. दावा आमच्या शिरवणे गावातल्या घराचा आणि अंगणाचा. गावाभोवती शहर उभं राहायला लागलं, जमिनीला भाव आला, आणि शेठला आठवलं की जागा त्याच्या बापाची. बा गेल्यावर दाव्यावर माझं नाव लागलं. आजानं ती जागा घेतली तेव्हा तिथं हजर असलेलं एकच माणूस जिवंत होतं. आत्या.

शपथ घ्यायची म्हणून ती उपाशी यायची. खाल्ल्या तोंडानं देवाचं नाव घेऊन साक्ष द्यायची नाही, असं तिचं. चहासुद्धा नाही. सकाळची बस, दुपारपर्यंत बाकडं, मग तारीख. असे नऊ उपास फुकट गेले. दर वेळी शेठच्या वकिलाला दुसऱ्या कोर्टात काम.

"आज तरी मना बोलू देतील ना गो?" ती विचारायची. मी हो म्हणायची. खोटारडी मी.

त्या दिवशी कारकुनाच्या टेबलावरचा, तारीख पुढं ढकलायला शेठच्या वकिलानं दिलेला मुदतीचा अर्ज मी वाचला. दहावी झाले होते, तरी इतके दिवस कागदाला हात लावायची हिंमत नव्हती. खाली आमच्या वकिलाची सही. 'हरकत नाही.' मागचे अर्ज चाळले. सगळ्यांवर तेच. अंगाची लाही लाही झाली. व्हरांड्यात त्याला गाठलं.

"वकिलावकिलांत असं चालतं," तो म्हणाला. "आज मी त्यांना सांभाळलं, उद्या ते मला. तुम्हा लोकांना नाही कळायचं."

तुम्हा लोकांना!

मी तशीच आत, न्यायाधीशांसमोर घुसले. "साहेब, साक्षीदार हजर हाय. सकालपासून उपाशी हाय. आजच घ्या."

"तुमच्या वकिलांची संमती आहे. बसा."

"त्यांची असंल. आमची नाय!"

शिपायानं दंड धरून मला बाहेर काढलं. तारीख तीच राहिली, दोन महिन्यांनंतरची.

त्याआधीच आत्या गेली. साक्ष न देताच गेली. खूप रडले. मग त्या वकिलाकडून वकीलपत्र काढून घेतलं आणि कायद्याचं पुस्तक मिळवून वाचलं. वकील दुसऱ्या कोर्टात आहे, हे कारण चालत नाही. साक्षीदार हजर असेल तर साक्ष घेता येते. मुदत दिली तर कारण लिहावं लागतं. आत्या बाकड्यावर बसली होती तेव्हाही हे छापलेलं होतं. कुणी सांगितलं नाही.

आता माझा दावा मीच चालवते. मुदतीचा अर्ज आला की उभी राहते आणि कारण लेखी मागते. बाहेर काढलं तर दारातून मागेन. माझा निकाल माझ्या जिवंतपणी द्यावा लागेल.