चाचांचं नांदेड

निजामोद्दीनचाचांना लातूरजवळच्या आमच्या मुरुडात येऊन नऊ वर्षं झाली, पण आपण इथं राहायला आलोय असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. "सध्या इकडं हाय," असं सांगायचे. नांदेडात बावीस वर्षं ऑटो चालवला, नजर अधू झाली तसा विकून टाकला, आणि चाचीला, म्हणजे खातूनबीला घेऊन ते लेकीकडं आले. लेक कहकशां. जावई फरहान माझ्या शेजारच्या गाळ्यात गाड्यांची सीट कव्हरं शिवतो, मागंच त्यांचं घर. माझं दुकान पाइप आणि मोटारींचं. मधे एकच भिंत, त्यामुळं नऊ वर्षं नांदेड माझ्या कानावर आदळत राहिलं.

चहा, केळी, कापड, डॉक्टर, सगळं नांदेडचंच बरं. लातूरचं नाव काढलं की हसायचे. "ज्या गावाला पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्याचं काय सांगतो बालाजी? आमच्या दारात गोदावरी हाय." मी चिडवायचो, "मग गोदावरी सोडून आमच्या बोअरचं पाणी कशाला पिता चाचा?" आतून चाची म्हणायची, "नजर गेली, जबान तेवढी ऱ्हायली." सगळे हसायचे. तेही हसायचे.

वर्षातून एकदा ते नांदेडला जाऊन यायचे आणि नंतर आठवडाभर खुशीत असायचे. एका वर्षी मी मोटारी आणायला निघालो होतो, तेव्हा त्यांना सोबत नेलं. वाटलं, हा माणूस आज गाव पालथं घालणार. ते स्टेशनसमोरच्या ऑटो स्टँडवर उतरले आणि ओळखीच्या दोन म्हाताऱ्या ड्रायव्हरांशेजारी बाकड्यावर बसले. संध्याकाळी घ्यायला गेलो तर तिथंच बसलेले. बाकड्यापासून शंभर पावलंही लांब गेले नव्हते. परतीच्या वाटेवर मात्र मला तीन तास नांदेड सांगत होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तर आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या मार्चात एका सकाळी सात वाजता चाची कणीक मळता मळता कलंडली. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. फरहान रेक्झिन आणायला हैदराबादला गेलेला. कहकशां धावत माझ्याकडं आली आणि मी जीप काढली. गावातल्या दामिनी डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि लगेच सांगितलं, "लकव्याचा झटका आहे. लातूरला न्या, तिथं डोक्याचा फोटो काढतील. गुठळी असेल तर इंजेक्शन देतात, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. साडेअकराच्या पुढं उपयोग नाही."

सव्वाआठला आम्ही लातुरात होतो. मोठ्या दवाखान्याच्या दारात मी जीप उभी केली. कहकशां उतरायला लागली तेवढ्यात चाचांनी तिचा हात धरला.

"इथं न्हाई. नांदेडला चल."

"अब्बा, बाई काय म्हणल्या ते ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं. साडेअकरा म्हणल्या. आपण अकराला पोचतो. वीरण्णा डॉक्टरच्या हाताला गुण हाय. तू पोटात आडवी होतीस, सगळ्यांनी हात टेकले होते. त्यांनी तुम्हा दोघींना वाचवलं. इथं आपल्याला कोण वळखतंय? तिथं माझं नाव सांगितलं की दार उघडतंय."

मी म्हणालो, "चाचा, आधी इथं दाखवू. नाहीतर त्यांना फोन तरी लावा." त्यांनी खिशातली जुनी डायरी काढून दिली. त्यातला नंबर लागेना. "बदलला असंल," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. सत्तरीचा माणूस, माझ्या दुकानात रोज चहा पिणारा, भर रस्त्यात हात जोडून उभा. "बेटा, एवढं ऐक. ती माझी बायको हाय." कहकशां माझ्याकडं बघत होती. मी तिची नजर चुकवली आणि गाडी नांदेडच्या रस्त्याला लावली.

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. मी जीप कधी हाणली नव्हती तशी हाणली. चाचा पूर्ण वाटभर चाचीशी बोलत होते. "आलंच बघ खातून. आपल्या गावात चाललोय." चाचीचा डोळा उघडा होता. कहकशां तिच्या ओठावरची लाळ पुसायची आणि दर थोड्या वेळानं मला किती वाजले ते सांगायची.

अकराला पाच कमी असताना गोदावरीचा पूल ओलांडला. अजून अर्धा तास हातात होता. मला वाटलं, म्हाताऱ्याचंच खरं निघालं. इतका आनंद मला उभ्या जन्मात झाला नसेल.

"सरळ जाऊ नको, लई गर्दी असती," चाचा म्हणाले. "डावीकडं घे. फाटकातून गेलो की पाच मिनिटं."

डावीकडं घेतलं. गल्ली अरुंद होत गेली आणि शेवटी रेल्वेची भिंत आली. फाटक नव्हतंच. चाचा खाली उतरून भिंतीला हात लावून बघत राहिले. मागून दोन टेंपो येऊन अडकले होते, ते मागं घेईपर्यंत दहा मिनिटं गेली. रस्त्यावरच्या माणसाला मी मोठा दवाखाना विचारायला लागलो तर चाचा चिडले. "विचारतोस कशाला? मी हाय ना."

डॉक्टरांच्या गल्लीत पोचलो तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. दवाखान्याच्या जागी मोबाइलचं मोठं दुकान होतं. शेजारी औषधांचं जुनं दुकान होतं, तिथं शिवमूर्ती नावाचे म्हातारे गृहस्थ बसलेले. चाचा त्यांना नावानं ओळखत होते.

"शिवमूर्तीभाऊ, डॉक्टर कुठं गेले?"

"वीरण्णा डॉक्टर? त्यांना जाऊन सहा वर्षं झाली की. आपण कोण?"

"मी निजाम. निजाम ऑटोवाला. तुमच्या पोरींना शाळेत सोडत होतो."

शिवमूर्तींनी निरखून पाहिलं आणि मान हलवली. त्यांना आठवेना. मी मधे पडलो आणि मोठा दवाखाना कुठं आहे ते विचारून घेतलं. चाचा पुन्हा रस्ता सांगायला लागले, तेव्हा कहकशां हळू आवाजात म्हणाली, "अब्बा, आता तुम्ही बोलू नका."

दवाखान्यात शिरलो तेव्हा बाराला पाच कमी होते. कोवळ्या वयाचा एक डॉक्टर होता. कधी झालं, विचारलं. सात वाजता, कहकशांनं सांगितलं. कुठून आलात? मुरुडहून. त्यानं लिहिता लिहिता हात थांबवला. "म्हणजे लातूरवरूनच आलात ना?" फोटोत गुठळीच निघाली. "आता ते इंजेक्शन देता येत नाही," तो म्हणाला. तो आमच्यावर रागावला असता तर बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी चाचीला परत आणलं. उजवं अंग गेलं ते गेलंच, वाचाही गेली. चाचा तिला भरवतात, कूस बदलतात, केस विंचरतात. शेजारच्या गाळ्यातून नांदेडचं नाव ऐकू येत नाही. कुणी नांदेडहून आलेलं गिऱ्हाईक असलं तरी ते काही विचारत नाहीत. कहकशां बापाला जेवायला वाढते, पण त्याच्याशी बोलत नाही. माझ्याशीही तुटकच.

परवा दुपारी मी चाचीसाठी नारळपाणी घेऊन गेलो. चाचांनी पेला घेतला, बाजूला ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"बेटा, माझी तर अक्कल गेली होती. गाडी तुझ्या हातात होती. तू का ऐकलंस माझं?"

ते भांडत नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. वडीलधाऱ्या माणसाचा शब्द कसा मोडू, असं काहीतरी माझ्या तोंडाशी आलं होतं. पण चाची पडल्या पडल्या माझ्याकडंच बघत होती, आणि तिच्यासमोर मला ते बोलता आलं नाही.