कवळ्यांची टेकडी

वहिनीला कुणी "उतर" म्हटलं, की तिचे पाय जागच्या जागी रुजायचे. लहानपणी कुंपणाच्या भिंतीवरून उतर म्हणणारे होते, पुढे सासरी आवाज उतरव म्हणणारे भेटले. ती कुणाचंच ऐकत आली नव्हती.

कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. लोकांच्या जबड्यांचे साचे तिच्याकडे यायचे, त्यांत प्लॅस्टर ओतून ती त्यावर दात बसवायची. काम उरकल्यावर उरलेले प्लॅस्टरचे जबडे एकमेकांवर चिकटवून, वरून हिरवा रंग फासून तिने एक टेकडी केली होती. चांगली दीड वीत उंच, चारी बाजूंनी कडे. निरखून पाहिलं तर मधूनच एखादी दाढ डोकावायची.

टेकडी होती गालिच्यांच्या दुकानावरच्या खोलीसाठी. तिथे सुट्टीच्या दिवशी मंडळी मोठ्या टेबलावर बोटभर सैनिकांची लढाई खेळत. पाळीपाळीने सैनिक हलवायचे, आणि बाण पोचतो की नाही ते टेप लावून ठरवायचं. वहिनीचा नवरा तिथला जुना गडी, ती चहा करणारी. गुडघ्यांनी दगा दिल्यावर नवऱ्याने जिना सोडला आणि वहिनी त्याच्या खुर्चीत बसली ती बसलीच. गालिचेवाल्याला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. ती खुर्ची त्याला जावयासाठी हवी होती.

"आज हरलात तर खुर्ची मोकळी करायची, वहिनी," तो म्हणाला. "माणसाने आपली पायरी ओळखून राहावं."

"आणि जिंकले तर?"

"तर बसा जन्मभर!" जावयाने दात काढले.

वहिनीने आपले तिरंदाज टेकडीच्या माथ्यावर, झेंड्याभोवती उभे केले. ठरलेल्या पाळ्या संपेपर्यंत झेंडा राखला की डाव तिचा. गालिचेवाल्याचे तिरंदाज पायथ्याच्या जरा अलीकडे थांबले. आजवर अंतर मोजायचं ते टेबलाला समांतर, आडवं. तसं मोजलं तर ते आयतेच तिच्या टप्प्यात होते. पण गालिचेवाल्याने टेप माथ्यापासून खाली तिरका ताणला.

"जिन्यावरचा गालिचा आम्ही असाच मोजतो, उतारावरून. आजपासून इथेही तसंच."

तिरकं अंतर जास्तच भरणार. वहिनीचा बाण बोटभर कमी पडला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. डाव रंगात आल्यावर नियम बदलायचा, आणि तोही तिच्याच टेकडीवर! ती भांडायला तोंड उघडणार, एवढ्यात तो लाडीगोडीने म्हणाला, "उतरा की खाली. वर बसून हात पोचत नाही, वहिनी."

झालं! भांडण तिने गिळलं.

"उतरणार नाही," ती म्हणाली. "आणि टेप तिरका तर तिरका. तुमचा बाण वर येतानाही तसाच मोजायचा."

गालिचेवाला हसत मोजायला वाकला आणि तसाच राहिला. त्याचाही बाण बोटभर कमी! आता जो पुढे सरकेल तो समोरच्याच्या टप्प्यात जाणार, आणि ज्याने पाय हलवला त्याला त्या पाळीत बाण सोडता येत नाही, हा तर जुनाच नियम. म्हणजे पहिला बाण खाणार तो हलणारा. झेंडा वहिनीपाशी होता. तिला कशाला हलायचंय?

तिची पाळी आली की ती हाताची घडी घालून म्हणायची, "मी इथेच आहे."

"हा काय खेळ झाला?" गालिचेवाला चिडला.

"तुमच्याच जिन्याचा आहे."

शेवटी डाव संपत आला, त्याला पुढे यावंच लागलं. तो आला, वहिनीने टेप तिरका धरला आणि पहिली रांग आडवी झाली. दुसरी चढू लागली, ती अर्ध्या कड्यावर, एका डोकावणाऱ्या दाढेपाशीच पडली. सगळ्यांदेखत त्याचे दात त्याच्याच घशात गेले. झेंडा होता तिथेच राहिला.

गालिचेवाला मान खाली घालून पडलेले सैनिक वेचू लागला. अवघडलेल्या जावयाला सवयीचंच वाक्य सुचलं.

"वहिनी, चहा टाकताय ना?"

वहिनीने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि ऐसपैस बसली.

"टाका ना," ती म्हणाली. "माझ्यात साखर कमी."