फिरत्या यादीतील ललिताबाई

ललिता देवमन तेलगोटे. जन्म अकोट, १९२९. मृत्यू अकोला, १९७१. परिचारिका. एकूण सेवा अठरा वर्षे; त्यांपैकी पहिली दहा अमरावतीस, उरलेली आठ अकोल्यास.

ज्या रुग्णालयात ही सेवा झाली त्याचे नाव मी लिहीत नाही. ते एका विश्वस्त मंडळाचे होते; अमरावतीस मोठे आणि अकोल्यास लहान, अशा त्याच्या दोन इमारती होत्या. अमरावतीच्या कार्यालयात मी एकतीस वर्षे काम केले, त्यांतली शेवटची सोळा बडेबाबू, म्हणजे मुख्य लेखनिक म्हणून. ललिताबाईंच्या सेवापुस्तकातील बहुतेक नोंदी माझ्या हातच्या आहेत.

त्यांचे वडील देवमनजी अकोटच्या एका कापूस-प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधीत. त्यांनी मुलीला मॅट्रिक केले आणि नागपुरास परिचारिकेच्या शिक्षणाला धाडले. १९५३ च्या जुलैत त्या आमच्याकडे रुजू झाल्या. १९५६ च्या ऑक्टोबरात त्यांनी दोन दिवसांची रजा मागितली आणि अर्जात कारण लिहिले, ‘धर्मदीक्षा, नागपूर’. रजा एक दिवसाची मिळाली. दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर हजर होत्या. हजेरीपटावर तशी नोंद आहे.

आता आमच्या पद्धतीविषयी थोडे सांगणे भाग आहे. नवी परिचारिका प्रथम सहा महिने ‘फिरत्या यादीत’ राही. तिला स्वतःचा वॉर्ड नसे. जिथे माणूस कमी, तिथे मेट्रनबाईंची चिठ्ठी घेऊन तिने जायचे. सकाळी एका वॉर्डात, दुपारी दुसऱ्या. सहा महिन्यांत एखाद्या वॉर्डाची प्रमुख सिस्टर तिला नावाने मागून घेई आणि मग ती त्या वॉर्डाची होई. ललिताबाईंना कोणी मागितले नाही. का मागितले नाही, हे कागदावर कोठेही नाही. ते लिहून ठेवण्याची कोणाला गरज पडली नाही. सहा महिन्यांची ती यादी त्यांच्या बाबतीत अमरावतीतच दहा वर्षे चालली.

वॉर्डातल्या बाया त्यांना चिडवीत.

“आली का एस्टी? आज कोन्या थांब्यावर?”

“मले काय इचारता? तिकीट मेट्रन फाडते,” असे म्हणून ललिताबाई पदर खोचून कामाला लागत.

विनोद तेवढाच. फिरतीला कोणत्याच कपाटाची किल्ली मिळत नसे, जेवणाची ठरलेली जागा नसे, आणि काही फुटले वा हरवले की पहिले नाव तिचे निघे. त्यांची इच्छा एकच होती आणि ती त्यांनी माझ्याजवळ दोनदा बोलून दाखवली होती: एक वॉर्ड आपला असावा. प्रमुख सिस्टर होण्यास आठ वर्षांची सेवा आणि निष्कलंक सेवापुस्तक पुरे असे. त्याला कोणी मागून घेण्याची अट नव्हती. १९६१ च्या जुलैत त्यांची आठ वर्षे भरणार होती.

त्याच वर्षी मार्चची सात तारीख, मंगळवार. दोन परिचारिका रजेवर होत्या. ललिताबाई सकाळपासून सेप्टिक वॉर्डात, पू झालेल्या जखमांच्या रोग्यांत होत्या. त्या दिवशी तिथे धावऱ्याचे, म्हणजे कातडीवर भराभर पसरणाऱ्या लागट सुजेचे, तीन रोगी होते. दुपारी बाराला मेट्रनबाईंची चिठ्ठी आली: लगेच बाळंतिणींच्या वॉर्डात जावे.

बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दाराशी एक पाटी होती. ‘सेप्टिक वॉर्डात काम केलेल्याने त्या दिवशी येथे प्रवेश करू नये.’ १९५७ साली मोठ्या डॉक्टरांच्या हुकमावरून ती मीच रंगवून घेतली होती. त्या मंगळवारी मी त्याच व्हरांड्यात खाटांची मोजणी करीत होतो, म्हणून पुढचे बोलणे माझ्या कानावर पडले.

ललिताबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या. आत प्रमुख सिस्टर कौशल्याबाई होत्या. दर्यापूरकडच्या शेतकरी घरातल्या, कामाला वाघीण, तोंडाने फटकळ.

“ये ना आत. उंबऱ्यात काहून उभी राह्यली?”

“सिस्टर, मी सकाळपासून धावऱ्याचे पेशंट धुऊन राहिली. मले आत येता येत नाई. पाटीवर लिहून हाये.”

“पाटी मले वाचून दाखवू नको. चार बाया अडून हायेत अठी.”

“मेट्रनबाईले सांगते, दुसरं कोनी पाठवा म्हणून.”

“दुसरं असतं तं तुले काहून बोलावलं असतं?”

ललिताबाईंनी चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाल्या, “बाळंतिणीले माह्या हातानं ताप चढला तं मी काय सांगू, सिस्टर?” आणि मागे वळल्या.

मेट्रनबाईंकडे दुसरे कोणी नव्हते. कौशल्याबाईंनी त्या दुपारी एकटीने चार बाळंतपणे केली. तीन नीट झाली. चौथी वलगावची जाईबाई. तिच्या मुलाच्या गळ्याभोवती नाळ होती, आणि त्याच वेळी कौशल्याबाईंचे दोन्ही हात दुसऱ्या बाईच्या रक्तस्रावात गुंतले होते. मूल गेले.

संध्याकाळपर्यंत सबंध रुग्णालयात एकच बोलणे होते. दोन वर्षांपूर्वी त्याच वॉर्डात एका सासूने ललिताबाईंच्या हातचे पाणी सुनेला घेऊ दिले नव्हते. ललिताने त्याचा वचपा काढला, असे लोक म्हणाले. पाटीचे नाव कोणी घेतले नाही. मीही घेतले नाही.

मेट्रनबाईंनी ‘कामास नकार’ असा अहवाल दिला. नियमाप्रमाणे ललिताबाईंकडून सात दिवसांत लेखी खुलासा मागवला गेला. तिसऱ्या दिवशी त्या खुलासा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

“हा योग्य मार्गाने आला पाहिजे,” मी म्हणालो. “आपल्या प्रमुख सिस्टरची सही घेऊन या.”

“माही प्रमुख कोन, बडेबाबू?”

मी नियम वाचून दाखवला. त्यात वॉर्डाची प्रमुख एवढेच म्हटले होते. फिरतीचा उल्लेख नव्हता. ज्या मेट्रनबाईंच्या अहवालावर खुलासा होता, त्यांच्याच सहीने तो पाठवणेही नियमात बसत नव्हते.

ललिताबाई सेप्टिक वॉर्डाच्या प्रमुख गोदाबाईंकडे गेल्या. गोदाबाई म्हणाल्या, “बारा वाजेपर्यंत तू माही होती. भांडण बारानंतरचं. मी कशी सही करू?” मग त्या कौशल्याबाईंकडे गेल्या. कौशल्याबाईंनी कागद हातातही घेतला नाही. “तू माह्या वॉर्डात पाय ठेवला नाई. मंग तू माही कशी?”

सातव्या दिवशी त्या परत आल्या. सही नव्हती. मी कागद परत केला. त्यांनी तो उचलला नाही.

“राहू द्या तुमच्यापाशी. नियम तुमच्याजवळ राह्यते, कागदबी तठीच राहू द्या.”

आठव्या दिवशी मी त्यांच्या सेवापुस्तकात तांबड्या शाईने शेरा लिहिला: ‘कामास नकार दिला. खुलासा प्राप्त नाही.’ दुसरे वाक्य नियमाच्या दृष्टीने बरोबर होते. त्यांनी कोणते कारण दिले होते ते मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते, आणि त्यांचा कागद त्या घटकेला माझ्या उजव्या खणात होता.

जुलैत आठ वर्षे भरली. शेऱ्यामुळे त्यांचे नाव पुढे गेले नाही. १९६३ साली त्यांची अकोल्यास बदली झाली. तिथेही त्या फिरत्याच राहिल्या, कारण सेवापुस्तक माणसाबरोबर जाते.

१९६५ च्या हिवाळ्यात अमरावतीस पुन्हा माणसांची ओढाताण झाली. सेप्टिक वॉर्डातली एक फिरती मुलगी सलग तीन दिवस दुपारी बाळंतिणींकडे धाडली गेली. चिठ्ठी आली आणि ती निमूट गेली. पंधरवड्यात चार बाळंतिणींना ताप चढला. दोघी वाचल्या नाहीत.

कौशल्याबाई पुढल्या ऑगस्टात निवृत्त होणार होत्या. जूनमध्ये एके दिवशी दुपारी त्या कार्यालयात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

“बडेबाबू, त्या ललिताचा कागद हाये का तुमच्यापाशी?”

मी खण उघडून दिला. त्यांनी चष्मा लावला आणि सबंध कागद वाचला. वाचायला बराच वेळ घेतला.

“हे मी वाचलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पेन द्या.”

“आपण सही कोणत्या नात्याने करणार? त्या आपल्या वॉर्डाच्या नव्हत्या.”

“माह्या वॉर्डासाठीच थांबली ना ते बाहेर? मंग माहीच होती.” सही करून त्यांनी विचारले, “तारीख कोणती टाकू? तवाची?”

“आजची टाका.”

त्यांनी आजची टाकली. उठता उठता म्हणाल्या, “जाईबाईचं लेकरू मी विसरली नाई. रोज दिसते मले ते. पन ते ललिताच्या नावावर नको. दोन सिस्टर अठी एकदम लागत होत्या, अन् एकच होती. ते कोनाच्या नावावर लिवता ते तुमी पाहा.”

तो खुलासा मी त्याच दिवशी आवक-नोंदवहीत चढवला. पाच वर्षे तीन महिने उशिराने. सोबत मी माझे स्वतंत्र निवेदन जोडले: त्या दिवशी मी व्हरांड्यात होतो, काय बोलणे झाले, आणि पाटी कोणी लावली. विश्वस्तांच्या तीन बैठका झाल्या. १९६७ च्या जानेवारीत आदेश निघाला: शेरा रद्द करण्यात येत आहे.

आदेशाची प्रत टपालाने धाडता आली असती. मी ती घेऊन एस्टीने अकोल्यास गेलो. ललिताबाई व्हरांड्यात भिंतीशी बसून पट्ट्या गुंडाळत होत्या. केस बरेच पिकले होते. त्यांनी हात पुसून आदेश घेतला आणि दोनदा वाचला.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. मग कागद उलटून पाहून, “अन् मी इचारलं होतं त्याचं?”

मला लगेच कळले नाही.

“कागदाच्या खाली एक गोष्ट इचारली होती मी. तुमी वाचला ना कागद?”

वाचला होता. खुलाशाच्या अखेरीस त्यांनी शुद्ध मराठीत एक वाक्य लिहिले होते: ‘पाटी आणि चिठ्ठी यांत विरोध आल्यास फिरत्या परिचारिकेने कोणाची आज्ञा पाळावी, हे कृपया लेखी कळवावे.’

“त्यावर मंडळाने काही ठरवले नाही,” मी म्हणालो.

“मंग दुसऱ्या पोरीनं काय करावं?”

त्यांनी चहा मागवला. आम्ही दोघांनी तिथेच बसून घेतला, आणि मी साडेतीनच्या गाडीने परतलो.

१९६८ च्या एप्रिलपासून ललिताबाई अकोल्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या. खाटा आठ. तीन वर्षे तो वॉर्ड त्यांचा होता. सेप्टिकमधून आलेल्या मुलीला त्या दारातूनच परत पाठवीत आणि तिच्या चिठ्ठीच्या पाठीवर स्वतःची सही करून देत, म्हणजे नकार त्या मुलीच्या नावावर पडत नसे. १९७१ च्या जूनमध्ये त्या काविळीने गेल्या.

झाले ते इतके. शेरा रद्द झाला, वॉर्ड मिळाला. जाईबाईला त्या दुपारचे खरे कारण कोणी जाऊन सांगितले नाही. वलगाव अमरावतीपासून लांब नाही. आणि ललिताबाईंच्या प्रश्नाचे उत्तर गेले नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी आवक-नोंदवही उघडून पाहिली. त्यांच्या कागदासमोर उत्तराच्या जावक क्रमांकाचा रकाना कोरा होता.