शनिवारी घेतलेला रेझर

मोबाईलवर रेझर निवडण्यात मुलाची सकाळ गेली, तेव्हा मी कपाटातला सासऱ्यांचा पितळी रेझर त्याच्या हातात ठेवला. त्याला अजून दाढीच्या साबणाचा वास आहे. त्या वासानं मला पंचवीस वर्षांपूर्वीचा शनिवार आठवला.

दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, रेझर वाकलेला होता. दाढी केली की कापलेल्या जागी ते कागदाचे कपटे चिकटवत. त्या अवतारात ते पाहुण्यांपुढे बसायला नकोत, म्हणून मी कोपरगावच्या बाजारात गेले. दुकानातल्या चाचांनी एक जड रेझर माझ्या तळहातावर ठेवला. "बेटी, हा दाबायचा नाही. वजनानंच दाढी होते."

घरी अण्णांनी हात मागे घेतला. "शनवारी लोखंड घरात आणायचं न्हाई."

"पितळ हाय, अण्णा."

"आन् पातं?"

"पातं तुमच्या जुन्याच पाकिटातलं. ते तुमी बुधवारी आणलंय."

रविवारी अण्णांची हनुवटी गुळगुळीत होती. पाहुणे आले, तर नवऱ्या मुलाच्या वडिलांच्याच गालावर कागदाचा कपटा! अण्णांनी पोह्यांच्या आधी रेझर आणून दाखवला. "पावनं, शनवारी बी घ्या. पितळ हाय!"

रेझरच्या गप्पांत मला कोणी काही विचारलंच नाही, याचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरंच झालं. स्वयंपाकाचं विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं. पुढच्या शनिवारी अण्णा आणि माझे होणारे सासरे जोडीनं कोपरगावला गेले आणि रेझर घेऊन, लग्न ठरवूनच परतले.